९ व्होल्टच्या सेलवरचा बझर मोठ्यानं कसा वाजवायचा? (टाकी भरल्याची सूचना)

धोटेवाला | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्समधला मी हौशी, म्हणजे व्हिडिओ बघून बघून सोल्डरिंगला दोनदा बोट भाजलेला. जाणकारांनी जरा बघा.

राहायला इचलकरंजीत. गच्चीवर हजार लिटरची टाकी, खाली बोअर, मोटरचा स्विच जिन्याखाली. आमचे अण्णा, वय ७१, पहाटे साडेचारला उठतात. दिवसपाळीला तेहेतीस वर्षं माग चालवले, ती सवय काही सुटत नाही. उठले की मोटर सुरू करायची आणि चहाचा कप घेऊन बाहेर कट्ट्यावर बसायचं. मोटर चालू आहे हे तिसऱ्या घोटाला विसरतात. टाकी भरून वाहते आणि शेजारच्या काकूंच्या भिंतीवरून ओघळ उतरतो. मग काकू.

म्हणून टाकीत फ्लोट स्विच टाकला, पाण्याबरोबर तरंगत वर आला की चालू होणारा. गच्चीवर प्लास्टिकच्या डबीत ५५५ (सूर काढणारी टायमर आयसी), एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, २७ मिमीची पितळी पिएझो चकती आणि ९ व्होल्टचा चौकोनी सेल. टाकी भरली की वाजतं. पण कसं, तर डबीत डास अडकल्यासारखं. खाली कट्ट्यावर काही म्हणजे काही पोचत नाही.

आधीच सांगतो: गच्ची ओली असते, तिथं २३० व्होल्ट न्यायचे नाहीत. हूटर नको, मुलगी दहावीला आहे, रात्री एकपर्यंत जागते, पहाटे तिला उठवलं तर मलाच घराबाहेर काढतील. सेल महिन्याला बदलायला लागू नये. एवढ्यात आवाज वाढतो का?

अर्धा_कप_चहा | सोमवार, रात्री ११:०५

काकूंना नंबर द्या, पाणी आलं की त्याच फोन करतील. बिनसेलचा, एकशे दहा डेसिबल.

सोल्डरसम्राट | सोमवार, रात्री ११:१९

आवाज वाढवण्याआधी आहे तो का मारताय ते बघू. चार प्रश्न, सरळ उत्तरं द्या.

चकती डबीला कशी चिकटवलीय? ५५५ किती फ्रिक्वेन्सीवर आहे? चकतीला समांतर रेझिस्टन्स आहे का? डबीला भोक आहे का?

धोटेवाला | सोमवार, रात्री ११:३१

ग्लू गननं. पूर्ण पाठ भरून चिकटवलीय, हलू नये म्हणून.
साधारण १ किलोहर्ट्झ. बेलचा आवाज असाच असेल असं वाटलं.
रेझिस्टन्स नाही. कशाला लागतो?
भोक नाही, पाऊस आत जाईल ना.

सोल्डरसम्राट | सोमवार, रात्री ११:४४

चारही चूक. अभिनंदन, हे सहसा जमत नाही.

तबल्याच्या पुडीवर उशी दाबून वाजवा, काय ऐकू येईल? ग्लू गननं तुम्ही नेमकं तेच केलंय. पितळेची चकती वाकून सरळ होते, पुन्हा वाकते, तेव्हा हवा ढकलली जाते. हलू नये म्हणून चिकटवली आणि ती हललीच नाही. मग तक्रार कसली?

आता रेझिस्टन्स. पिएझो चकती म्हणजे विजेच्या दृष्टीनं कपॅसिटर. २७ मिमीची असेल तर २० नॅनोफॅरडच्या आसपास. तुमचा ट्रान्झिस्टर ती चार्ज करतो आणि बंद होतो. चार्ज जायला वाट कुठे आहे? चकती चार्ज होऊन तशीच बसते, पुढच्या वेळी ट्रान्झिस्टर चालू झाला तरी तिला फरक पडत नाही. जेवढा चार्ज इकडेतिकडे गळतो तेवढाच तुमचा डास. चकतीला समांतर १ के, म्हणजे हजार ओहमचा रेझिस्टन्स लावा, लगेच फरक दिसेल. उद्या कळवा.

धोटेवाला | मंगळवार, रात्री ९:५०

सोल्डरसम्राट, साष्टांग.

मोबाइलवर आवाज मोजायचं फुकटचं ॲप घेतलं. आकडा खरा किती हा वेगळा विषय, पण मोबाइल तोच, खोली तीच, अंतर एक मीटर. आधी ४१ डेसिबल (खोली शांत असताना ३७!). १ के लावल्यावर ४७. ग्लू खरवडून काढला, त्यात पांढऱ्या गोलाचा कपचा उडाला, २० रुपयांची दुसरी चकती आणली. ती नुसती वायरवर लटकवली तर ५२. मग कंटाळा आला म्हणून ५५५ चा प्रीसेट, म्हणजे सूर बदलायचा फिरता रेझिस्टन्स, फिरवत बसलो. एका जागी चकती अशी काय किंचाळली की मांजर उठून गेलं. ६६! सूर मोजायच्या ॲपवर ४.३ किलोहर्ट्झ. प्रीसेट केसभर इकडेतिकडे झाला की पुन्हा मरगळ.

हे काय आहे?

रेडिओमामा | मंगळवार, रात्री १०:२८

ती तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की दोन बोटांनी माणूस झुलतो, अवेळी दिला तर पैलवानही दमतो. २७ मिमीची सुटी चकती साधारण ४ ते ४.६ च्या दरम्यान गाते. तुम्ही १ वर धक्के देत होता.

मात्र तुमच्या प्रश्नाच्या मथळ्यात 'सेल' आहे आणि त्याचा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही, म्हणून जरा लांबण लावतो. निवृत्त माणसाला वेळ असतो.

साधा एनई ५५५ नऊ व्होल्टवर नुसता बसल्या बसल्या पाच-सहा मिलिअँपिअर घेतो. तुमचा १ के अर्धा वेळ सेलवर थेट बसलाय, म्हणजे सरासरी साडेचार. आणि चकती? २० नॅनोफॅरड गुणिले ९ व्होल्ट गुणिले ४३००: पाऊण मिलिअँपिअर. अकराचं ताट वाढलंय आणि ज्याच्यासाठी जेवण केलं त्याच्या पानात पाऊण. पॉवर कमी आहे असं तुम्ही म्हणता, मला तर ती वाया चाललेली दिसते.

५५५ काढा. सीडी ४०९३ आणा, चौदा पायांची, चार नँड गेटची (गेट म्हणजे इनपुट बघून आउटपुट वर-खाली करणारा छोटा स्विच), श्मिट ट्रिगरवाली. पहिल्या गेटला मोठा कपॅसिटर लावून सेकंदाला दोन-तीनदा चालू-बंद होणारा ऑसिलेटर करा. दुसरं गेट सुराचा ऑसिलेटर: १० नॅनोफॅरड आणि ५० के चा प्रीसेट. त्याची मोकळी इनपुट पहिल्याच्या आउटपुटला. दुसऱ्याचं आउटपुट तिसऱ्याच्या दोन्ही इनपुटना, तिसऱ्याचं चौथ्याच्या दोन्ही इनपुटना. आणि चकती जमिनीला न जोडता तिसऱ्या आणि चौथ्याच्या आउटपुटमध्ये टांगा, मध्ये २२० ओहम घालून.

तिसरं वर गेलं की चौथं खाली, चौथं वर की तिसरं खाली. नऊ व्होल्टच्याच सेलवर चकतीला अठराचा झोका मिळतो. व्होल्टेज दुप्पट म्हणजे सहा डेसिबल जास्त. समांतर रेझिस्टन्सची गरज संपली, कारण आता दोन्ही गेटं ढकलतातही आणि ओढतातही. तो २२० ओहम आयसीच्या जिवासाठी: चकती जोरात आपटली तर ती स्वतःच वीज तयार करून उलट पाठवते. गॅसचा लायटर तेच करतो.

अठराच्या झोक्याला चकती चौपट करंट घेते, तीनच्या आसपास. पण आवाज तुटक केल्यामुळे निम्मा. अकरावरून दीडवर आलात, आणि आवाज वाढला. शिवाय सलग सुराला कान सरावतो, तुटक आवाजाला चटकन सरावत नाही.

अर्धा_कप_चहा | मंगळवार, रात्री १०:४१

मामा, वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: मनगटी डिजिटल घड्याळाचा अलार्म बटणाएवढ्या सेलवर अख्ख्या वर्गाला ऐकू जायचा. तो कसा?

रेडिओमामा | मंगळवार, रात्री १०:५८

जुनं घड्याळ असेल तर मागचं झाकण उघडून बघा. झाकणाच्या आतल्या अंगाला चंदेरी गोल चिकटवलेला दिसेल आणि सर्किटवरून उठून त्याला टेकणारी एक बारीक स्प्रिंग. घड्याळाचं पोलादी झाकण हीच चकती! सर्किटवर तांबड्या तारेची तांदळाएवढी कॉइल असते. ट्रान्झिस्टर चालू असताना कॉइलमध्ये करंट भरतो, बंद केला की कॉइल तो सोडत नाही, व्होल्टेज उसळतं आणि ते चकतीला मिळतं. तीन व्होल्टच्या सेलवर कितीतरी पट उसळी.

धोटेवाल्यांना हे सुचवलं नाही त्याला कारण आहे. नऊ व्होल्ट आणि हाताला येईल ती कॉइल घेतली की उसळी कुठवर जाईल याचा नेम नाही. बीसी ५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टपर्यंत. मी तरुणपणी एका संध्याकाळी सात घालवले, आणि तेव्हा सात ट्रान्झिस्टर म्हणजे चेष्टा नव्हती.

न्यूजर्सीकर | बुधवार, पहाटे ५:१२

इथे प्रत्येक खोलीच्या छताला धुराचा अलार्म असतो. फोडणी जरा करपली की आख्खं घर डोक्यावर घेतो. आतमध्ये नऊ व्होल्टचा सेल आणि पिएझोच. नियम असा की दहा फुटांवर ८५ डेसिबल भरले पाहिजेत. म्हणजे धोटेवाल्यांकडे आहे त्याच सामानात हे होतं.

एक मी खराब झाल्यावर उघडला होता. चकतीला दोनऐवजी तीन वायरी. तिसरी चकतीच्याच एका छोट्या तुकड्यावरून परत आयसीकडे जाते, म्हणजे चकती स्वतःच सांगते की माझा सूर हा, यावरच धक्के दे. उन्हाळा-हिवाळा, धूळ, काही होवो, सूर चुकत नाही. आणि चकतीसमोर भोकाची एक पोकळ वाटी. ती वाटी काढून वाजवला तर आवाज पार बसला.

सोल्डरसम्राट | बुधवार, सकाळी ९:०३

तेच भोकाचं सांगायचं राहिलं होतं, न्यूजर्सीकरांनी काम सोपं केलं. सुट्या चकतीची पुढची हवा कडेनं वळून मागे पळते, पुढचा दाब आणि मागची ओढ एकमेकांना खातात. म्हणून आधी ती पुढची-मागची बाजू वेगळी करणाऱ्या झाकणात बसवायची. मग तिच्यापुढे छोटी पोकळी आणि पोकळीला भोक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमतो तो प्रकार. पोकळीचा सूर चकतीच्या सुराला जुळला की झालं.

दुसरं म्हणजे, बझर टाकीजवळ कशाला? फ्लोट स्विच वर राहू दे, दोन तारी वायर खाली आणा, सर्किट अण्णांच्या शेजारी ठेवा. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात. गच्चीवरून कट्ट्यापर्यंत तुम्ही जे हरवताय ते कुठलाही आयसी भरून देणार नाही. वायर कितीही लांब असली तरी दोन मिलिअँपिअरला काय फरक पडतो.

तवा_गरम | बुधवार, सकाळी ११:३०

ऑनलाइन मिळणाऱ्या बझरवर '९५ डेसिबल' लिहिलेलं असतं ते कशाच्या आधारावर? मी घेतला तर निम्माही वाटला नाही.

सोल्डरसम्राट | बुधवार, सकाळी ११:४६

बारीक अक्षरात अंतर बघा. १० सेंटिमीटर लिहिलं असेल तर एका मीटरवर त्यातले वीस डेसिबल गेले. ३० सेंटिमीटर असेल तर दहा-साडेदहा. अंतरच लिहिलेलं नसेल तर तो आकडा म्हणजे उखाणा समजायचा.

धोटेवाला | शुक्रवार, रात्री ११:१५

उशीर झाला, मागाचा बीम बदलायचं काम होतं, दोन दिवस शेडमध्येच.

४०९३ लावली. प्रीसेट फिरवून पुन्हा ४.३ वर आणली. एक मीटरवर ७२! सेलमधून मल्टिमीटरवर दोनच्या आत. मामा, तुमचा हिशेब बरोबर आला. १८ मीटर वायर पाइपच्या कडेनं खाली आणली, डबी कट्ट्यावर, अण्णांपासून चार हातांवर.

आता खरी गंमत. आज पहाटे मी मुद्दाम उठलो. टाकी भरली, डबी कोकलायला लागली. मला तर कानात सुई घातल्यासारखं झालं. बायको आतून ओरडली, "बंद करा ते." मुलगी उठली. काकूंच्या खिडकीत दिवा लागला.

अण्णा शांतपणे चहा पीत होते. मी विचारलं, "अण्णा, वाजतंय की." तर म्हणाले, "कुठं काय?" डबी उचलून त्यांच्या हातात दिली तेव्हा म्हणाले, "हां, थरथरतीया."

अण्णा ठार बहिरे नाहीत हो. माझ्याशी नीट बोलतात, कुणी फाटक उघडलं तर मान वळवतात. मग हे काय? आणखी व्होल्टेज वाढवू का? दोन सेल सिरीजमध्ये?

अर्धा_कप_चहा | शुक्रवार, रात्री ११:२२

अण्णांना ऐकू येतंय, ते काकूंची वाट बघतायत.

कानसेन | शनिवार, सकाळी ७:४०

मी या विभागात सहसा येत नाही, लिंक कुणीतरी पाठवली. कानाच्या तपासणीचं काम करते, हेडफोन लावून बीप ऐकवायच्या आणि कागदावर आलेख काढायचा, तेच ते.

धोटेवाले दादा, व्होल्टेज वाढवू नका. बझर लहान नाही. त्याचा सूर अण्णांच्या कानातल्या खड्ड्यात पडतोय.

वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा आलेख काढला की एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते. खालचे सूर बरे, १ किलोहर्ट्झ बरा, २ वर थोडं कमी, आणि ४ वर रेघ एकदम खाली कोसळते. ८ वर पुन्हा जरा वर येते. मधे इंग्रजी व्ही सारखी खाच. मागवाले, कापड गिरणीतले, फोर्जिंगवाले, सगळ्यांची खाच ३ ते ६ च्या दरम्यान, बहुतेकदा ४ वर. वय वाढलं की ८ ची बाजूही खाली येते आणि खाच नुसता उतार होते.

४ च का? कानाची नळी अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्यानं बंद. अशा नळीचा स्वतःचा सूर ३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. वर बाटलीचा दाखला दिलाय ना, तसाच हा मामला. बाहेरच्या गोंगाटातला तेवढाच भाग नळी वाढवून आत पाठवते आणि आतल्या पेशी त्याच्या थोड्या वरच्या जागी आधी मरतात. त्या परत येत नाहीत. तुमच्या कानात सुई टोचली तीही याच नळीमुळे. तुमच्या पेशी बऱ्याच शाबूत आहेत, एवढाच फरक.

दोन गोष्टी विचारते. घरात बोलणं ऐकू येतं पण 'काय म्हणालास' असं होतं का, मुलीच्या बारीक आवाजाला जास्त? आणि त्यांना रातकिडे ऐकू येतात का? त्यांचा सूर साधारण ४-५ किलोहर्ट्झचाच.

धोटेवाला | शनिवार, सकाळी ८:५५

ताई, पहिल्या प्रश्नाला हो. मुलगी काही बोलली की माझ्या तोंडाकडे बघतात, मी परत सांगायचं. आम्हाला वाटायचं लक्ष नाही. आणि माणसाच्या ओठांकडे बघत बोलायची सवय तर सगळ्याच मागवाल्यांना असते, शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो.

रातकिड्यांचं... अण्णा गेली कित्येक वर्षं म्हणतात की आता पूर्वीसारखे रातकिडे राहिले नाहीत, औषधं मारून मारून मेले सगळे. मी हो म्हणायचो. आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं की काल रात्री कट्ट्यावर दोघं बसलो होतो तेव्हा नुसता कल्लोळ चालला होता.

रेडिओमामा | शनिवार, सकाळी ९:२०

कानसेनताई, बरं झालं आलात. आम्ही सगळे वायरीच्या या टोकाला बसून होतो.

न्यूजर्सीकर | शनिवार, सकाळी ९:४४

यावरून आठवलं. इथे नव्या इमारतींत, हॉटेलांत झोपायच्या खोल्यांत ५२० हर्ट्झचा जाड अलार्म लावायचा नियम आलाय. ३ किलोहर्ट्झच्या बारीक किंकाळीनं ऐकू कमी येणारी माणसं उठत नाहीत, या जाड सुरानं उठतात.

सोल्डरसम्राट | शनिवार, सकाळी १०:१०

५२० ला २७ मिमीची चकती चालणार नाही, पाटीवर नख घासल्यासारखा आवाज येईल. त्याला स्पीकर लागतो आणि स्पीकर म्हटलं की करंट. पण ४.३ वरून खाली यायचा एक फुकटचा मार्ग आहे.

धोटेवाले, चकती आत्ता कशी धरलीय? लटकती किंवा मधल्या रिंगवर असेल. चकती वाकते तेव्हा केंद्र वर, कड खाली आणि मधलं एक वर्तुळ जागचं हलत नाही. तिथे धरली की ४.३. तीच चकती फक्त कडेवर टेकवली, म्हणजे ताटलीची कड वाटीवर ठेवतो तशी, तर सूर जवळपास निम्म्यावर येतो. २.३, २.४, असं काहीतरी.

पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, आतून २६-२७ मिमी भरतं. चकतीची नुसती कड सिलिकॉनच्या बारीक धाग्यावर बसवा, ग्लू गन लांब ठेवा. चकती आणि झाकणाच्या तळात ५ मिमी पोकळी राहू द्या, तळाला मधोमध साडेपाच मिमीचं भोक. या मापाला पोकळीचा सूर २.४ च्या आसपास बसतो. भोक आधी ५ चंच पाडा आणि कानसानं घासत मोठं करा, मोठं केलेलं लहान होत नाही. पावसाची काळजी असेल तर तोंड खाली करून टांगा.

कानसेन | शनिवार, सकाळी १०:३१

२.४ चालेल. तिथे अण्णांचं बरंच शिल्लक असणार. पण दादा, बझर जमला म्हणून तपासणी टाळू नका. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही. आणि तुम्हीही शेडमध्ये असता असं वर लिहिलंय, तुमचाही आलेख काढून घ्या. कापसाचे बोळे घालून भागत नाही, आवाजासाठीचे फोमचे प्लग वेगळे मिळतात.

तवा_गरम | शनिवार, दुपारी १२:१८

अवांतर: इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी लावला असं वाचलंय. कुणीतरी मोजायला हवं की गावातल्या किती कानांत ही खाच आहे.

धोटेवाला | रविवार, रात्री ८:३५

दिवसभर हेच केलं. तीन झाकणं वाया गेली, एक भोक पाडताना, एकात सिलिकॉन जास्त झालं आणि चकती पुन्हा मुकी झाली, तिसरं मांजरानं पळवलं. चौथं जमलं. प्रीसेटनं खाली येत येत २.३५ ला आवाज फुगला. भोक कानसानं दोनदा घासलं, प्रत्येक वेळी थोडा चढला. एक मीटरवर ७५. करंट एकच्या आसपास. सूर आता किंकाळीसारखा नाही, पिपाणीसारखा झालाय.

बायको म्हणाली, हे त्या मानानं सुसह्य आहे. उद्या पहाटे बघू.

धोटेवाला | सोमवार, सकाळी ७:०२

मी झोपून राहिलो, अलार्मच लावायला विसरलो. सहाला उठलो तर टाकी भरलेली, मोटर बंद, भिंत कोरडी. अण्णांना विचारलं. म्हणाले, "वाजलं, बंद केली. त्यात काय."

घरातलं कुणीही उठलं नव्हतं.

रेडिओमामा | सोमवार, सकाळी ७:१५

व्वा!

अर्धा_कप_चहा | सोमवार, सकाळी ८:४०

काकूंचं काय आता? त्यांची पहाट सुनी झाली.

नवखा_गडी | दहा दिवसांनी, गुरुवार, दुपारी ३:२६

खूप छान धागा. सर्किट डायग्राम मिळेल का? आणि वाजायला लागल्यावर बंद करायला स्विच कुठे लावलाय?

धोटेवाला | गुरुवार, रात्री १०:११

डायग्राम मामांच्या मंगळवारच्या प्रतिसादात शब्दांत आहे, कागदावर काढा, चुकत नाही. ताईंना: गेल्या शनिवारी दोघांचे आलेख काढले. अण्णांचा तुम्ही सांगितला तसाच, खाच सोडा, दरीच. माझ्यातही ४ ला बारीकशी खळी दिसते. प्लग आणलेत.

स्विचचं म्हणाल तर मी लावलेलाच नाही. मोटर बंद केली तरी टाकी भरलेली असते, फ्लोट वरच राहतो, डबी वाजत राहते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णांनी वाट शोधली. डबी आता ते बंडीच्या खिशात ठेवतात. वाजली की झाकणाच्या भोकावर अंगठा दाबतात, पिपाणी गप्प. तसाच अंगठा ठेवून जिन्यापर्यंत चालत जातात, मोटर बंद करतात आणि दुसऱ्या हातानं सेल काढतात.

सोल्डरसम्राट | गुरुवार, रात्री १०:२५

भोक बंद केलं की पोकळीचा सूर मोडतो, आवाज बसणारच. सेलच्या वायरीत एक पुशबटण टाका, पाच रुपये.

धोटेवाला | गुरुवार, रात्री १०:३३

आणलंय. लावू देत नाहीत.